काळी माती, तांबडी धूळ

१९५६ सालच्या ऑगस्टची अखेर. आदिलाबाद जिल्ह्याची वाटणी ठरत आली होती. राज्य पुनर्रचनेचा कायदा ३१ ऑगस्टला झाला आणि निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे पडणार हे पक्कं झालं. किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचे तालुके मुंबई राज्यात निघाले. बाकीचा जिल्हा, बेला-जैनथकडची मराठी गावं धरून, आंध्र प्रदेशात गेला. सोयरीक एका राज्यात आणि सातबारा दुसऱ्या राज्यात, अशी अवस्था कित्येक घरांची झाली. १ नोव्हेंबरपर्यंत या भागात दुसरा विषय नव्हता.

त्याच दिवसांत संध्याकाळी पूर्वेला एक तांबडा, ठळक तारा उगवत होता. मंगळ पृथ्वीपासून साडेपाच-पावणेसहा कोटी किलोमीटरवर आला होता. इतक्या जवळ तो पंधरा-सतरा वर्षांतून एकदा येतो. जगभरच्या वेधशाळांनी या भेटीची तयारी केली होती. अमेरिकेत टेक्सासच्या मॅक्डोनाल्ड वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ कायपर बसले होते. लॉवेल वेधशाळेचे स्लायफर मंगळ डोक्यावर यावा म्हणून थेट दक्षिण आफ्रिकेत ब्लोमफॉन्टेनला जाऊन राहिले होते. आणि ऐन मुहूर्तावर माशी शिंकली. ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत मंगळाच्या दक्षिण गोलार्धात एक पिवळट पट्टा उठला, पसरला आणि थोड्याच दिवसांत ओळखीच्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या. दक्षिण ध्रुवाची पांढरी टोपीसुद्धा दिसेनाशी झाली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मंगळ सर्वांत जवळ असताना, दुर्बिणीत उरला तो एक कोरा गोळा.

आपल्याकडेही वेधशाळा होती: हैदराबादच्या बेगमपेठेतली निजामिया. १९०१ साली नवाब जफर जंग यांच्या हौसेतून सुरू झालेली, पुढे उस्मानिया विद्यापीठाकडे आलेली. तिची जन्माची कामगिरी मात्र वेगळी: आकाशाच्या एका पट्ट्यातल्या ताऱ्यांची स्थानं छायाचित्रांवरून मोजून जागतिक नकाशासाठी पुरवायची. ग्रहांवरचा वारा हा विषय तेव्हा जगातच मोजक्या लोकांचा होता. बऱ्याच जणांच्या लेखी ती धूळ म्हणजे निव्वळ अडथळा. पडदा कधी हटतो आणि खरा मंगळ कधी दिसतो, याची वाट पाहायची, एवढंच.

मंगळाच्या इतिहासातली मला सर्वांत मजेची वाटणारी गोष्ट हीच आहे. ज्याला लोक पडदा म्हणत होते, तेच नाटक होतं.

पिवळे ढग काही १९५६ साली नवे नव्हते. फ्रान्समधल्या ओनोरे फ्लोजर्ग यांनी १८०९ सालीच असे पिवळट डाग नोंदवले होते. १८७७ साली मंगळ असाच जवळ आला. तेव्हा इकडे दख्खनभर दुष्काळ होता. माणसं चाऱ्या-पाण्यासाठी गावं सोडत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला असाफ हॉल यांना मंगळाचे दोन चंद्र सापडले आणि त्याच भेटीत मिलानमध्ये शियापारेल्ली यांनी मंगळावर बारीक रेषांचं जाळं काढलं. त्या रेषांवरून पर्सिव्हल लॉवेल यांनी कालवे खोदणाऱ्या मंगळवासीयांची केवढी कथा रचली, ती सर्वांना ठाऊक आहे. पॅरिसजवळ म्यूदाँच्या मोठ्या दुर्बिणीतून १९०९ साली अंतोनियादी यांनी पाहिलं तेव्हा ते कालवे विरून गेले. मात्र पिवळे ढग त्यांनी काळजीपूर्वक टिपले आणि मंगळ सूर्याजवळ असतानाच ते जास्त उठतात, हेही पुढच्या वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं.

कालव्यांची भूल लवकर उतरली. त्याहून चिवट आणि जास्त प्रतिष्ठित भूल होती ती हिरवळीची. मंगळावर काळपट प्रदेश आहेत. वसंत आला की ते गडद होतात, काहींना हिरवट दिसतात, हिवाळ्यात फिके पडतात. शेतकऱ्यालाही पटेल असा अर्थ कुणीही काढला असता: पीक येतं आणि जातं. सोव्हिएत संघात अल्मा-आत्याला गाव्रील तीखोव यांनी १९४७ साली ‘खगोल-वनस्पतिशास्त्रा’चा विभागच काढला होता. १९५६ च्या त्याच धुळकट भेटीत हार्वर्डच्या विल्यम सिंटन यांनी मंगळाच्या अवरक्त प्रकाशात काही पट्टे टिपले आणि ते वनस्पतींतल्या पदार्थांचे असावेत, असं सुचवलं. १९५८ साली पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतूनही ते दिसले. मंगळावर शेवाळ आहे हे जवळजवळ ठरलंच. पुढे १९६५ साली उलगडा झाला की ते पट्टे आपल्याच हवेतल्या जड पाण्याच्या वाफेचे होते. मंगळावरची हिरवळ पृथ्वीच्या आकाशात उगवली होती.

याच सुमारास मिशिगन विद्यापीठातले डीन मॅक्लॉफ्लिन वेगळंच सांगत होते. १९५४ पासून त्यांचा आग्रह होता की काळपट प्रदेशांचे आकार वाऱ्याच्या दिशेनं ओढल्यासारखे आहेत. तिथे झाडं नाहीत, ज्वालामुखीची राख आहे आणि ती वारा वाहून नेतो. फार कुणी मनावर घेतलं नाही. राखेच्या ज्वालामुखींबद्दल त्यांचा तपशील चुकला, पण वाऱ्याबद्दल ते बरोबर होते. साठच्या दशकाच्या अखेरीस कार्ल सेगन आणि जेम्स पोलॅक यांनी हाच धागा पुढे नेला: ऋतूंप्रमाणे गडद-फिकं होणं म्हणजे फिकट धूळ खालच्या काळ्या खडकावर बसणं आणि उडणं. सर्टिस मेजर नावाचा जो काळा त्रिकोण सतराव्या शतकापासून दुर्बिणीत दिसत आला, तो म्हणजे धूळ झटकला गेलेला बेसॉल्टचा प्रदेश.

बेसॉल्ट म्हटलं की आम्ही आदिलाबादकर कान टवकारतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. त्यांची पूर्वेकडची कड आमच्या जिल्ह्यात येऊन संपते. उत्तर-पश्चिमेला, पैनगंगेच्या बाजूला, काळा पाषाण आणि त्याची काळी कसदार माती. तिकडून खाली गोदावरीकडे उतरलं की दुसरे, कितीतरी जुने खडक लागतात. आमचा कापूस उभा असतो तो या काळ्या मातीवर. मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसॉल्टचाच आहे. क्युरिऑसिटी गाडीनं २०१२ साली गेल विवरातली चिमूटभर माती क्ष-किरणांत तपासली तेव्हा त्यात ज्वालामुखी खडकांची नेहमीची खनिजं निघाली. काळ्या मातीला चिकटपणा देणारी जी चिकणमातीची खनिजं, त्यांच्या कुळातलीही मंगळावर ठिकठिकाणी सापडली आहेत. फरक रंगाचा. तिथल्या बारीक धुळीवर लोहाचा गंज चढलेला आहे, म्हणून ती तांबडी. वारा ती उडवून लावतो तेव्हा खालून काळा दगड निघतो.

पण आपण १९७१ सालाकडे येऊ, कारण धुळीनं खरी बाजी मारली ती तेव्हा.

त्या वर्षी १० ऑगस्टच्या सुमारास मंगळ पुन्हा जवळ येणार होता. अमेरिकेत चार्ल्स केपन नावाच्या मंगळवेड्या निरीक्षकानं फेब्रुवारीतच इशारा दिला होता की या खेपेला मोठं वादळ होईल. त्यामागे साधा हिशेब होता. मंगळाची कक्षा बरीच लंबगोल आहे. सूर्यापासून सर्वांत दूर असताना त्याला जेवढं ऊन मिळतं, त्याच्या सुमारे ४५ टक्के जास्त ऊन सर्वांत जवळ असताना मिळतं. त्याच वेळी दक्षिणेत उन्हाळा असतो. ऊन तापतं, ध्रुवाच्या बर्फाच्या कडेला थंड-गरम हवेची झुंज लागते, वारे सुटतात. आणि नेमक्या याच दिवसांत मंगळ आपल्याला सर्वांत जवळून पाहायला मिळतो. म्हणजे पाहुणा यायचा तोच अंगभर धूळ घेऊन.

केपन यांचा होरा खरा ठरला. २२ सप्टेंबरला नोआकिस नावाच्या दक्षिणेकडच्या प्रदेशात एक झगझगीत पिवळी रेघ दिसली. काही दिवसांत ती हजारो किलोमीटर लांब झाली. दोन-तीन आठवड्यांत सगळा ग्रह झाकला गेला. दुर्बिणींच्या काळात नोंदलेलं एवढं मोठं वादळ दुसरं नव्हतं.

तोपर्यंत तीन यानं मंगळाच्या वाटेवर होती. अमेरिकेचं मरिनर ८ मे महिन्यात उड्डाणातच कोसळलं होतं. त्याचं जुळं भावंड मरिनर ९, ३० मे रोजी निघालं. सोव्हिएत संघाची मार्स २ आणि मार्स ३ त्याच्या जरा आधीच निघाली होती. शर्यत उघड होती. दुसऱ्या ग्रहाभोवती फिरणारं पहिलं यान कोणाचं? मरिनर ९ नं ती शर्यत जिंकली. १४ नोव्हेंबर १९७१ रोजी ते मंगळाच्या कक्षेत शिरलं. दोन दिवस आधी कॅलिफोर्नियात सेगन, विज्ञानकथाकार आर्थर क्लार्क आणि रे ब्रॅडबरी, भूगर्भतज्ज्ञ ब्रूस मरे आणि पत्रकार वॉल्टर सलिव्हन असे पाच जण व्यासपीठावर बसून मंगळ आणि माणसाचं मन यावर बोलले होते. उत्सुकता शिगेला पोचली होती. आणि पहिली छायाचित्रं आली ती जवळजवळ कोरी.

जे जरा दिसत होतं ते असं: चार काळे ठिपके. तीन एका तिरप्या रेषेत आणि चौथा त्यांच्यापासून जरा दूर, वायव्येला. चौथ्याची जागा दुर्बिणीतून पाहणाऱ्यांना ठाऊक होती; तिथे कधीकधी पांढरं काहीतरी चमकायचं, म्हणून त्याला ‘ऑलिम्पसचं हिम’ असं नाव मिळालं होतं. शास्त्रज्ञ त्या ठिपक्यांकडे पाहत राहिले आणि हळूहळू अर्थ लागला. धूळ इतकी उंच चढली आहे की सगळा मुलूख तिच्याखाली बुडाला आहे. तिच्याबाहेर जे डोकं काढून उभं आहे, ते प्रचंडच उंच असलं पाहिजे. प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी खोल गोल खळगा दिसू लागला तसा संशय उरला नाही. ती ज्वालामुखींची तोंडं होती. ऑलिम्पस मॉन्स आज सुमारे २२ किलोमीटर उंच धरला जातो. सूर्यमालेतला माहीत असलेला तो सर्वांत मोठा ज्वालामुखी. मंगळ हा चंद्रासारखा मेलेला, विवरांनी भरलेला दगड आहे असा समज आधीच्या यानांनी झटपट घेतलेल्या छायाचित्रांवरून झाला होता. तो समज धुळीनं झाकलेल्या एका छायाचित्रानं मोडला. आकाश स्वच्छ असतं तर त्या पर्वतांची उंची इतक्या झटकन ध्यानात आली असती का, याची मला शंका आहे.

सोव्हिएत यानांचं नशीब वेगळं. त्यांच्या उतरणाऱ्या डब्यांचा कार्यक्रम आधीच ठरवून भरलेला होता. थांबा, वादळ आहे, असं त्यांना सांगायची सोय नव्हती. २७ नोव्हेंबरला मार्स २ चा डबा मंगळावर आदळला. तिथे पोचलेली माणसाची ती पहिली वस्तू. २ डिसेंबरला मार्स ३ चा डबा धडपणे उतरला, बोलूही लागला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत गप्प झाला. वादळानंच त्याचा बळी घेतला असं सर्रास लिहिलं जातं. ते शक्य आहे, पण सिद्ध झालेलं नाही.

मरिनर ९ ला मात्र नव्या आज्ञा देता येत होत्या. त्याला थांबायला सांगितलं गेलं. ते वादळाभोवती घिरट्या घालत राहिलं. डिसेंबरअखेर धूळ बसू लागली आणि जानेवारी १९७२ मध्ये नकाशाचं खरं काम सुरू झालं. ऑक्टोबरमध्ये यान बंद केलं तोवर त्यानं ७,३२९ छायाचित्रं पाठवली होती. चार हजार किलोमीटर लांबीची दरी, कोरड्या नद्यांची पात्रं, वाळूच्या टेकड्या, आणि विवरांच्या मागे वाऱ्याच्या दिशेनं ओढलेल्या शेकडो काळ्या-पांढऱ्या शेपट्या. त्या शेपट्या आठवड्या-आठवड्यानं बदलत होत्या. हिरवळीचा प्रश्न तिथे मिटला. मॅक्लॉफ्लिन ते पाहायला राहिले नव्हते. १९६५ मध्येच ते वारले.

या वादळानं आणखी एक धागा सोडला, तो थेट आपल्या जिवाशी येऊन भिडला. मरिनर ९ च्या उष्णतामापकानं दाखवलं की धुळीमुळे वरची हवा तापली आणि खालची जमीन गार झाली. ऊन वरच अडलं. सेगन आणि पोलॅक यांच्या डोक्यात ते राहिलं. बारा वर्षांनी, डिसेंबर १९८३ मध्ये, त्यांनी आणि त्यांच्या तिघा सहकाऱ्यांनी गणित मांडलं: अणुयुद्ध झालं तर जळत्या शहरांचा धूर हेच पृथ्वीवर करील. ‘अण्वस्त्र हिवाळा’ ही कल्पना तिथून जगाच्या चर्चेत आली. त्यांच्या आकड्यांवर पुढे बरीच भांडणं झाली, पण शीतयुद्धाच्या राजकारणात तिचा दबदबा राहिला.

धुळीची मोठी वादळं दर मंगळवर्षी होत नाहीत. १९७३, १९७७ मध्ये दोन, १९८२, २००१, २००७, २०१८, अशी अंदाधुंद यादी आहे. छोटी वादळं मात्र दरवर्षी शेकड्यांनी होतात, आणि त्याहून छोटी अशी वावटळ तर रोजचीच.

वावटळ आमच्या चांगल्या ओळखीची. मार्चमध्ये पऱ्हाटी उपटून रान मोकळं झालं, वखरून पडलं, की एप्रिल-मेच्या भर दुपारी ती उठते. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर, पान हलत नाही, आणि एकाएकी बांधापाशी फुफाटा गरगरत वर चढतो. त्यात पाचोळा, सरकीचा फोल, एखादी प्लास्टिकची पिशवी. मिनिटभरात ती दोन वावरं ओलांडून विरते. वावटळीत भूत असतं असं जुनी माणसं सांगत आणि पोरांना आत शिरू देत नसत. मोठं तुफानी वारं सुटलं की त्याला वावधन म्हणतात. ते वेगळं, पावसाच्या ढगांबरोबर येणारं. वावटळीला ढग लागत नाही, तापलेली जमीन लागते. उघड्या जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा फार तापते, तिचा लोट वर निघतो, रिकाम्या जागेकडे चारी बाजूंनी हवा धावते आणि धावताना तिला पीळ बसतो. जसजसं वर्तुळ आवळतं तसतसा वेग वाढतो. मध्यभागी दाब कमी, कडेला वाऱ्याचा मार.

हिंदुस्थानातल्या वावटळींचा पहिला चिकाटीचा अभ्यास एका डॉक्टरनं केला, हे फारसं कुणाला माहीत नसतं. पी. एफ. एच. बॅडली हे बंगाल तोफखान्यात शल्यचिकित्सक होते. १८४७ मध्ये ते लाहोरला होते. धुळीच्या लोटात वीज असते का, हे पाहायला त्यांनी घराच्या गच्चीवर बांबू उभा केला, त्यावर तांब्याची वेगळी राखलेली तार बांधली, ती खाली खोलीत आणून सोन्याच्या वर्खाच्या विद्युतदर्शकाला जोडली आणि शेजारी जमिनीत गेलेली दुसरी तार ठेवली. एक-दोन दिवसांत धुळीचं एक छोटं वादळ वरून गेलं आणि एका तारेतून दुसरीकडे ठिणग्या उडू लागल्या. पुढे त्यांनी अशी पुष्कळ वादळं तपासली, १८५० मध्ये लंडनच्या एका शास्त्रीय मासिकात लिहिलं आणि १८६० मध्ये हिंदुस्थानातल्या वावटळी आणि धुळीच्या वादळांवर पुस्तकच काढलं. वीज हीच वावटळीचं कारण आहे असं त्यांना वाटे. ते उलटं निघालं. धुळीचे कण एकमेकांवर घासतात म्हणून वीज साठते. वावटळ आधी, ठिणगी नंतर. पण ठिणगी खरी होती.

मंगळावर वावटळी असाव्यात असं १९६४ मध्ये जे. ए. रायन यांनी मांडलं. तिथली हवा आपल्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी दाबाची, पण दुपारी जमीन तापते आणि तिच्यावरची हवा थंडच राहते, तेव्हा उपसा जोरदार होणारच. १९७६ च्या जुलैत व्हायकिंग १ यान मंगळावर उतरलं आणि सेमूर हेस यांच्या हवामान-गटानं दुसऱ्या ग्रहाचं पहिलं हवामानवृत्त दिलं. वावटळी डोळ्यांना दिसायला मात्र १९८५ उजाडलं: पीटर थॉमस आणि पीटर गिराश यांना व्हायकिंगच्या जुन्या छायाचित्रांत लांब सावल्या टाकणारे धुळीचे खांब सापडले. आपली वावटळ ताडाच्या उंचीची असली तरी बघणारे थबकतात. १४ मार्च २०१२ रोजी मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरनं टिपलेली मंगळावरची वावटळ सुमारे २० किलोमीटर उंच होती आणि जाडी जेमतेम ७० मीटर.

इतक्या पातळ हवेचा वारा लागतो तरी केवढा? ‘द मार्शियन’ चित्रपटात वादळ यान आडवं पाडायला निघतं. ती गोष्टीची गरज. प्रत्यक्षात ताशी शंभर किलोमीटरचा मंगळी वारा अंगाला आपल्याकडच्या झुळुकीएवढाच लागेल. मग धूळ उडते कशी? ब्रिटिश लष्करातले अभियंता राल्फ बॅग्नोल्ड यांनी लिबियाच्या वाळवंटात हिंडून आणि वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करून १९४१ मध्ये त्याचं उत्तर दिलं होतं. अगदी बारीक धूळ वाऱ्याला सहज सापडत नाही. ती जमिनीला चिकटून बसते. आधी वाळूचे जरा जाड कण टुणटुणत उड्या मारतात आणि त्यांच्या आपटण्यानं बारीक धूळ उखडते. एकदा उखडली की ती महिनोन् महिने खाली येत नाही. हवेतली धूळ ऊन शोषते, हवा आणखी तापते, वारा आणखी वाढतो, आणखी धूळ. दुष्टचक्र चांगलं बसलं की वादळ ग्रह व्यापतं.

इतर ग्रहांवर हा खेळ वेगळाच. शुक्राच्या जमिनीवर हवा पृथ्वीच्या नव्वदपट दाबाची. १९७५ मध्ये व्हेनेरा ९ आणि १० या सोव्हिएत यानांना तिथे सेकंदाला जेमतेम मीटरभर वारा लागला. पण त्या दाट हवेत तेवढाही कण ढकलायला पुरतो. शनीच्या टायटन चंद्रावर कॅसिनी यानाच्या जुन्या चित्रांत धुळीची वादळं असल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. नेपच्यूनवर ताशी दोन हजार किलोमीटरचे वारे वाहतात, पण तिथे धूळ उडायला जमीनच नाही.

मंगळावर गेलेल्या सौरविजेवरच्या गाड्यांचं सारं आयुष्य धुळीच्या मर्जीवर होतं. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी जानेवारी २००४ मध्ये उतरल्या, त्या नव्वद दिवसांच्या बोलीवर. सौरपट्ट्यांवर धूळ बसत जाईल आणि वीज संपेल, असा हिशेब होता. मार्च २००५ मध्ये एका सकाळी स्पिरिटची वीज एकदम वाढलेली दिसली. वाऱ्यानं पट्टे झाडून दिले होते. गुसेव विवरात तिनं मग वावटळींची मिरवणूकच पाहिली, एका हंगामात पाचशेहून अधिक. ऑपॉर्च्युनिटी चौदा वर्षं चालली आणि २०१८ च्या वादळात गेली. तिचा शेवटचा संदेश १० जूनचा. धुळीनं दिवसाची रात्र केली होती. त्या जुलैत मंगळ पुन्हा जवळ आला होता. २७ तारखेच्या रात्री तर खग्रास चंद्रग्रहण आणि शेजारी मंगळ. तिथे धूळ आणि आमच्याकडे आषाढाचे ढग. फेब्रुवारी २०१९ मध्ये नासानं ऑपॉर्च्युनिटीचा नाद सोडला.

आणि आपलं मंगळयान. २ जून २०१४ ला आमचा जिल्हा पुन्हा राज्य बदलून तेलंगणात आला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला मंगळयान, पहिल्याच प्रयत्नात, मंगळाच्या कक्षेत पोचलं. साडेचारशे कोटींचा खर्च आणि सहा महिन्यांची अपेक्षा. त्याची कक्षा फार लांबट होती: जवळ येताना चारशे-सव्वाचारशे किलोमीटर आणि दूर जाताना सत्त्याहत्तर हजार. इंधनाच्या टंचाईतून आलेली ही लांबट वाट एका बाबतीत पथ्यावर पडली. दुसरी यानं जमिनीला चिकटून पट्ट्या-पट्ट्यांनी पाहत. मंगळयानाला दूरवरून पूर्ण गोळा एका नजरेत मिळे. अहमदाबादच्या केंद्रात तयार झालेल्या रंगीत कॅमेऱ्यानं पोचल्यावर चारच दिवसांत, ७४,५०० किलोमीटरवरून, भरला मंगळ टिपला. इस्रोनं २८ सप्टेंबरला ते चित्र प्रसिद्ध केलं. उत्तर गोलार्धात धुळीचं प्रादेशिक वादळ चालू होतं आणि ते त्यात साफ दिसत होतं.

त्या कॅमेऱ्यानं पुढे व्हॅलेस मरिनेरिस या दरीवरची धूळ उंचीप्रमाणे कशी विरळ होते, हेही मोजायला मदत केली. २०१८ च्या वादळात यानावरच्या ‘मेंका’ उपकरणाला दिसलं की खाली धूळ तापली तशी वरची हवा फुगून आणखी उंच गेली. याला महत्त्व आहे: वर चढलेली हवा अवकाशात निसटायला मोकळी. मंगळाची दाट हवा आणि पाणी कुठे गेलं, या जुन्या प्रश्नात धुळीच्या वादळांचाही हात निघतो आहे. मंगळयानाशी संपर्क एप्रिल २०२२ मध्ये तुटला. सहा महिन्यांचं ते यान साडेसात वर्षं चाललं होतं.

मंगळाच्या नकाशावर महाराष्ट्रातली नावंही आहेत: पूना, भोर, लोणार ही तिथली विवरं. छोट्या विवरांना लाखाच्या आतल्या वस्तीच्या गावांची नावं द्यायची, असा आंतरराष्ट्रीय खगोलसंघाचा आजचा संकेत. पुण्याला तो कसा लागू झाला ते संघच जाणे. लोणार मात्र शोभतं. बेसॉल्टमध्ये उल्का आपटून झालेलं ते विवर मंगळाच्या अभ्यासकांना घरबसल्या मिळालेला नमुना आहे. आदिलाबादचं नाव अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

आता बॅडलींच्या ठिणगीची गोष्ट पुरी करायला हवी. पर्सिव्हिअरन्स गाडी फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरली. तिच्यावर एक साधा मायक्रोफोन आहे. तो सतत चालू नसतो. महिन्यातून काही वेळा, तीनेक मिनिटं. २७ सप्टेंबर २०२१ रोजी तो चालू असतानाच नेमकी एक वावटळ गाडीच्या डोक्यावरून गेली: २५ मीटर रुंद, सुमारे ११८ मीटर उंच. पहिल्या भिंतीचा वारा, मग मध्यातली शांतता, मग दुसऱ्या भिंतीचा वारा, आणि त्यात कण आपटल्याचे टकटक आवाज. दुसऱ्या ग्रहावरच्या वावटळीचा आवाज माणसानं प्रथमच ऐकला. त्या ध्वनिमुद्रणात एक विचित्र तडतड होती. तेव्हा ती एखाद्या जाड कणाची समजली गेली. नंतर दोन मंगळवर्षांची सगळी मुद्रणं पुन्हा चाळली गेली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला. तसे ५५ प्रसंग सापडले होते, बहुतेक सगळे जोरदार वाऱ्यातले, काही थेट वावटळीतले. त्या ठिणग्या होत्या. मायक्रोफोनपासून दोनेक मीटरच्या आत, काही सेंटिमीटर लांबीच्या.

ठिणग्या आहेत म्हटल्यावर कामं निघाली. वीज कडाडली की रासायनिक फेरफार होतात. मंगळाच्या मातीतले जे तिखट क्षार कुठल्याही सेंद्रिय पदार्थाचा फडशा पाडतात, त्यांची पैदास अशी होत असेल का, हे आता तपासलं जातंय. जीवाच्या खुणा शोधायच्या तर आधी हा हिशेब लावावा लागेल. पुढे माणसं गेली तर त्यांचे पोशाख आणि यंत्रं या विजेला टिकावी लागतील, तेही बघणं आलं. वादळाचा अंदाज मात्र अजून कुणाच्या हाताला लागलेला नाही. हंगाम सांगता येतो, दर ६८७ दिवसांनी तो येतो. पण कुठल्या हंगामात नोआकिसमधली एखादी रेघ तिथेच विरेल आणि कुठल्या हंगामात सगळा ग्रह झाकील, ते २०१८ मध्येही आधी सांगता आलं नव्हतं.